घुरघुरणारी वायर

आदेश : मामा, ही वायर तुम्ही कुठून आणली ते एकदा खरं खरं सांगा.

चंद्रभान : आणायले कायले जातो? घरचीच होती. इहिरीतली मोटर बदलली तवा उरली होती. चपटी, तीन तारांची. चांगली मोटरची वायर आहे ते.

आदेश : मोटरची वायर. अन् तिच्यातून तुम्ही पिच्चरचा आवाज पाठवला.

चंद्रभान : मंग? जे वायर इहिरीचं पाणी वर ओढते, तिले दोन गाणे ओढणं भारी जाईन का? मी म्हटलं तांबं जाड आहे, आवाज मोकळा येईन. पाण्याचं पाय ना, पाईप जाड तं धार मोठी.

आदेश : बरं, टाकली कशी? जमिनीच्या वर तं कुठी दिसत नाई.

चंद्रभान : घरापासून शेडापर्यंत अंगणातून नाली खोदलेलीच होती. मोटरची लाइन त्याच नालीतून पुढं इहिरीवर जाते, स्प्रिंकलरच्या जुन्या पाईपातून. मी म्हटलं आता दुसरी नाली कायले खोदा? त्याच पाईपात हे वायरही सरकवून देली. दोघी सोबत.

आदेश : मामा, मी पुलगावपासून जामपर्यंत लोकायच्या दुकानात कॅमेऱ्याच्या वायरी टाकत फिरतो. उंदरानं कुरतडलेली वायर पाह्यली. एका धाब्यावर तं वायरीवर कपडे वाळत होते. पण मोटरच्या वायरीवर होम थेटर चालवणारा माणूस मी तुमच्याशिवाय दुसरा नाई पाह्यला.

चंद्रभान : पण चाललं ना. मागच्या दिवाळीपासून चालूनच राह्यलं.

आदेश : चाललं म्हणता? मोटर लावली का शेडात घुर्रर्र. टीव्हीवर आडव्या पट्ट्या. हिरोईन रडून राह्यली का बाजूले चक्की चालू आहे, काई समजत नाई. शकुबाई मले बाजारात भेटली तं म्हणे, बापू, तुह्या मामाच्या थेटरात गहू दळून मिळते का विचारजो.

चंद्रभान : शकुबाईले बोलायले काय जाते? पिच्चर पाहत पाहत मेथीच्या जुड्या बांधते. पहिले ह्या बाया संध्याकाळी शेडात बसत, तं एका हातानं सांबार, कोथिंबिरीची जुडी, अन् दुसऱ्या हातानं डास मारत. म्हणून मी हे केलं. स्पीकरचे डबे घरीच बनवले, आंब्याच्या फळ्यायचे. अॅम्प्लिफायर एका बँडवाल्यानं फेकून देला होता, थो उघडून दुरुस्त केला. टीव्ही घरात एक, शेडात एक. घरात जे लागलं ते शेडात दिसन, ऐकू येईन. सारं हातानं जोडलं, आदेश. एक वायरच तेवढी चुकली.

आदेश : म्हणून तं सुट्टी काढून आलो. डॉक्टरनं तुम्हाले काई दिवस बसून राहा म्हटलं. बसल्या बसल्या निदान धड ऐकू तं येईन.

चंद्रभान : हौ बापा. अटॅक आल्यापासून घरातली खाट अन् हे शेड, एवढंच माहं वावर झालं. तू आला, बरं वाटलं मले. दाखव, काय काय आणलं.

आदेश : हे पाहा, तीन तुकडे आणले. तिन्हीले कोएक्सियल म्हणतात. मधात एक तार, तिच्यावर पांढरं प्लास्टिक, त्याच्यावर तारांची जाळी, वरून काळं कव्हर. दिसते सारखीच, पण फरक आहे. हातात घ्या. हा पहिला.

चंद्रभान : हे तं छत्रीची वायर. साऱ्यायच्या छपरावर लटकते ते.

आदेश : हौ, डिशची. मधली तार लोखंडाची, वरून नावाले तांबं. जाळी अॅल्युमिनियमची, तेही विरळ. छत्रीपासून डब्यापर्यंत ठीक आहे. पण आपल्याले टोकाले पिना घरीच लावायच्या आहे, अन् अॅल्युमिनियमवर सोल्डरचा डाग बसत नाई. गोळी होऊन खाली पडते.

चंद्रभान : बाद. दुसरा दे. वा, हा जड आहे. जाळीही दाट आहे याची. हाच टाकून दे.

आदेश : पाह्यलं, पुन्हा जड अन् जाड. हा वायरलेसच्या कामाचा, पन्नास ओमचा. माल एक नंबर आहे. पण टीव्हीचं चित्र पंचाहत्तर ओमच्या वायरीतून जाते. सेटटॉप बॉक्स पंचाहत्तरचा, टीव्ही पंचाहत्तरचा, अन् मधात ही पन्नासची घातली तं थोडा सिग्नल सांध्यावरूनच मांगं फिरते. मंग चित्राच्या कडेले सावल्या पडतात.

चंद्रभान : म्हणजे अडीचच्या पाईपाले दोनची कपलिंग.

आदेश : एकदम बराबर.

चंद्रभान : पाणी जाते, पण सांध्यातून अंगावर उडते. समजलं. मंग हा तिसरा?

आदेश : हा तिसरा. पंचाहत्तर ओम, मधली तार निव्वळ तांब्याची, जाळीही तांब्याची अन् दाट. चित्राले एक ओढायची, आवाजाले दोन. हाताले पाहा, वळतेही मस्त. अन् ह्या जाळीवर डाग असा बसते का वायर तुटन पण पिन नाई निघणार.

चंद्रभान : जाळी कायले पाहिजे पण एवढी दाट?

आदेश : जाळी म्हणजे कुंपण. मोटरची घुरघुर बाहेरून आत घुसायले पाहते. थे जाळीवर अडते अन् तिथूनच मांगं जाते. तुमच्या चपट्या वायरीले कुंपणच नव्हतं.

चंद्रभान : सारं वावर मोकळं.

आदेश : हौ ना. अन् त्याच्यातही तुम्ही डुकरायले वावरातच झोपवलं, एका पाईपात.

चंद्रभान : हसवू नको मले, छातीत दुखते. टाक, हाच टाक. चपटीले काढून फेक आजच.

नलू : काय फेकून राह्यले? चहा घ्या पहिले. आदेश, हा साखरेचा तुहा. ह्यायच्या हातात देऊ नको, हे मुद्दाम कप बदलतात.

आदेश : दे मामी. काई नाई, शेडाची वायर बदलून राह्यलो. आता तुमच्या साऱ्यायच्या डोक्याचा ताप गेला समज. संध्याकाळी बाया येईपर्यंत आवाज साफ.

नलू : आज नको.

चंद्रभान : काऊन?

नलू : अंगणात खोदसान तं सांबाराचा वाफा जाईन. कालच तं उगवून वर आला.

आदेश : खोदायचंच नाई मामी. ही वायर मोटरच्या लाइनीपासून जितकी दूर तितकी चांगली. घराच्या भिंतीनं क्लिपा मारत जातो, मंग लिंबाच्या झाडावरून शेडात. वाफ्याले पायही लागणार नाई.

नलू : मंग त्या सोल्डरचा धूर. ह्यायच्या छातीले चालत नाई.

आदेश : बाहेर झाडाखाली बसून करतो.

नलू : लिंबाले काटे आहे.

चंद्रभान : काटे? नलू, तुले झालं काय? मागच्या दिवाळीपासून तूच बोंबलून राह्यली होती. घुरघुरीनं माहं डोकं उठते, वायर काढा नाई तं मी त्या टीव्हीवर पाणी ओतते. असं म्हणे का नाई तू?

नलू : माणूस बोलते रागात.

चंद्रभान : रोज संध्याकाळी?

नलू : मंग रोजच येत होता राग. नवी वायर टाका, मी नाई कुठी म्हणते? पण जुनी काढू नका. जुनी राहू द्या तशीच.

आदेश : तसं नाई होत मामी. एका पिनेच्या जागी एकच पिन लागते. जुनी ठेवली का घुरघुर ठेवली.

नलू : हौ. तेच म्हणते मी. ठेवा.

आदेश : मामी, कप खाली ठेव अन् बस इथं. खरं काय आहे ते सांग. मी सुट्टी घेऊन आलो, परत पाठवायचं असंन तं परत जाईन. पण समजून जाईन.

नलू : काई नाई.

चंद्रभान : नलू.

नलू : तुम्ही पडले त्या दिवशी मले कसं समजलं असं वाटते तुम्हाले?

चंद्रभान : कसं म्हणजे? तू इहिरीवर आली होती ना. चहागिहा घेऊन आली असशीन.

नलू : मी कधी आणला इहिरीवर चहा? लग्न झाल्यापासून एकदा तरी आणला का?

चंद्रभान : नाई आणला.

नलू : तुम्ही तं मोटरीवर गेले का कोणी मांगं आलेलं चालत नाई तुम्हाले. नुसता पाय ठेवला तरी ओरडता, पाण्याचा दांड तुडवला म्हणून.

चंद्रभान : मंग कशी आली तू?

नलू : घुरघुर बंद झाली म्हणून आली.

आदेश : नीट सांग मामी. पहिल्यापासून.

नलू : आम्ही शेडात बसलो होतो. मी, शकुबाई, जयवंता, रुख्माबाई. जुड्या चालू होत्या. टीव्हीवर पिच्चर अन् त्याच्यावर घुर्रर्र. म्हणजे हे मोटरीवर, वांग्याले पाणी चालू. मंग एकाएकी आवाज साफ झाला. त्यातली बाई काय बोलते ते पहिल्यांदा समजलं. शकुबाई म्हणे, बरं झालं बाई, मोटरची लाइन गेली. मलेही हायसंच वाटलं. मंग मी वर पाह्यलं.

आदेश : वर काय होतं?

नलू : शेडातला मोठा बल्ब. टीव्ही घरच्या लाइनीवर, पण थो मोटरच्याच लाइनीवर आहे, मामानंच जोडला तुह्या. अन् थो चालू होता.

आदेश : म्हणजे लाइन होती. मोटर बंद झाली होती.

नलू : अन् वांगे अर्धेही भिजले नसतीन. तुले तं माहीत आहे हे कसे. लाइन असली का हे जेवायले येत नाई. पाहुणे आले तं पाहुण्यायलेच इहिरीवर बोलावतात. आक्काच्या पोराच्या साखरपुड्यात अर्ध्या पंगतीतून उठून आलते, लाइन आली म्हणून. असा माणूस लाइन असून मोटर बंद करन का? मी म्हटलं काईतरी झालं. जुडी तशीच टाकली अन् पळाली.

चंद्रभान : मले कोणीच नाई सांगितलं हे.

नलू : कोणाले माहीत आहे? त्यायले वाटलं मी बाहेर गेली. इहिरीवर पाह्यलं तं तुम्ही स्टार्टरच्या डब्याखाली पडून. अंग घामानं भिजलेलं. मी कशी ओरडली ते मले आठवत नाई. शकुबाई म्हणते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

चंद्रभान : थोडं थोडं आठवते मले. छातीत कळ आली. डावा हात जड झाला. मले समजलं का आता आपण खाली बसतो. मंग म्हटलं पहिले मोटर बंद करावं, नाई तं दांड फुटन अन् सारं पाणी बाजूच्या ओमप्रकाशच्या तुरीत. लाल बटन दाबलं. त्याच्यापुढचं काई नाई.

नलू : पाय आदेश, जीव चालला होता अन् ह्यायले ओमप्रकाशच्या तुरीची पडली होती.

आदेश : मामा, त्या बटनानं वाचले तुम्ही. मोटर चालूच राह्यली असती तं घुरघुरही चालू राह्यली असती. अंधार पडेपर्यंत कोणी पाहायले आलं नसतं.

चंद्रभान : बटनानं नाई वाचलो. रोज दाबतो मी थे बटन. कोणीतरी मोटर बंद झालेली ऐकली म्हणून वाचलो.

नलू : झालं ते झालं. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

चंद्रभान : थांब. सेवाग्रामले दवाखान्यात शुद्धीवर आलो तवा डॉक्टर म्हणे, आजोबा, वेळेवर आणलं, थोडा उशीर झाला असता तं कठीण होतं. मी डॉक्टरले हात जोडले. सिस्टरले जोडले. ओमप्रकाशनं टेम्पोत भरलेली भाजी तिथंच रस्त्यावर खाली केली अन् मले त्याच्यात टाकलं. घरी आल्यावर मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. तुह्या सामनेच रडलो ना? शकुबाई अन् जयवंता रात्रभर आपल्या घरी राह्यल्या, आपल्या जुड्या सकाळी बाजारात पोचवल्या, सांबाराची एक काडी खराब नाई होऊ देली. त्यायलेही जोडले. साऱ्यायले जोडले. एक तूच राह्यली.

नलू : मले कायले जोडता? मी काय परकी आहो?

चंद्रभान : मले वाटत होतं तू सहज आली अन् मी सापडलो. नशीब म्हणून सोडून देलं. तू ऐकून आली हे मले माहीतच नव्हतं. हात दे इकडे.

नलू : आदेश बसला आहे सामने.

चंद्रभान : बसू दे. त्याच्या सामनेच सांगतो. नलू, मी जिता आहो थे तुह्यानं आहो. माह्यावर लय मोठे उपकार केले तू.

नलू : पुरे करा आता. सोडा. डोळ्यात पाणी आणलं तं बीपी वाढते तुमचा. अन् उपकाराची भाषा घरात नसते करत.

आदेश : मामी, तू एवढे दिवस बोलली काऊन नाई?

नलू : बोललं का थो दिवस डोळ्यासमोर येते बापू. ह्यायची मान अशी एका अंगाले पडलेली. मले पाहायचं नाई थे पुन्हा. म्हणून तोंड बंद ठेवलं अन् वायरीले मनातल्या मनात नमस्कार केला. दिवाळीपासून जिले शिव्या देल्या तिलेच.

चंद्रभान : आदेश, गुंडाळ तुहे तुकडे. तू एवढा आला, राग धरू नको. पण हे वायर आता कोणी काढायची नाई. घुरघुरू दे शेडात. शकुबाईले सांगू, गहू आण दळायले.

आदेश : राग कायचा मामा? गुंडाळतो ना. पण एक विचारू? आता मोटर कोण लावते?

चंद्रभान : ओमप्रकाशचा पोरगा धनंजय लावते. त्यानं सोताहून म्हटलं, काका, तुम्ही बरे होईपर्यंत दोन्ही वावराचं पाणी मी पाहतो.

आदेश : बरं. मंग धनंजयनं मोटर बंद केली का, मामी, तू काय करतं?

नलू : काय करू? जुड्या बांधते.

चंद्रभान : नाई. खोटं बोलते हे. मोटर बंद झाली का हे शेडातून उठते अन् घरात येते. दारातून मले पाहते अन् चालली जाते. मले वाटलं मी चोरून तंबाखूचा खर्रा खातो का काय म्हणून पाळत ठेवते.

नलू : खाताच तुम्ही खर्रा.

चंद्रभान : दवाखान्यापासून शिवला नाई मी खर्ऱ्याले. तुही शप्पथ. तू मंग काय पाहायले येतं?

नलू : छाती वरखाली होते का ते पाहायले येते.

आदेश : रोज?

नलू : मले माहीत आहे धनंजयनं बंद केली. मले माहीत आहे हे खाटेवर आहेत. पण थो आवाज थांबला का जुडी खाली ठेवते. उठल्याशिवाय राहवतच नाई. पाह्यलं का मंग बरं वाटते.

चंद्रभान : काल पिच्चरमध्ये त्या पोरीचं लग्न झालं का शेवटी? मी मधातच झोपलो.

नलू : कोणत्या पोरीचं?

चंद्रभान : शेवटपर्यंत शेडात बसली होती ना तू?

नलू : बसली होती. असंन झालं. पिच्चरमध्ये होतेच लग्न.

आदेश : मामी, त्या पिच्चरमध्ये पोरगी नव्हतीच. काल माह्या घरीही थोच लागला होता, मामा सकाळी सांगत होते. दोन भावायचा पिच्चर होता. मामानं बनवून विचारलं तुले.

चंद्रभान : संध्याकाळभर तू तिथं बसून पिच्चर पाहून नाई राह्यली, नलू. तू मोटर ऐकून राह्यली.

नलू : मंग काय करू? आवाज साफ केला तं मले समजन कसं? धनंजय काय जन्मभर तुमची मोटर लावन? डॉक्टरनं आता तुम्हाले चालाफिरायले सांगितलं. आज अंगणात फिरता, उद्या वावरात जासान. मी नाही म्हटलं तरी जासान. जाऊच नका असं मी कधी म्हटलं का? वावरात गेल्याशिवाय तुम्ही बरे होत नाई हे मलेही समजते. पण मले इथं शेडात कसं समजन का तुम्ही तिथं उभे आहा का पडले?

आदेश : कॅमेरा लावून देतो ना मामी इहिरीवर. मोबाइलवर दिसन तुले. माहं कामच ते आहे.

नलू : अन् मी दिवसभर मोबाइल धरून त्यायलेच पाहत बसू? आता कानानं पाहते, मंग डोळ्यानं पाहीन. फरक काय झाला?

आदेश : मंग मोबाइलचा स्टार्टर. मामा घरीच बसून फोनवरून मोटर चालू-बंद करतीन. जायचंच काम नाई.

चंद्रभान : दांड फुटला तं फोन माती टाकन का त्याच्यावर? पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं का नाई ते पायाले समजते लेका. नाई, तसं नको. आदेश, तुहे तुकडे काढ बाहेर. पिना काढ, सोल्डर काढ. नवी वायर टाकायची.

नलू : आत्ताच तं नाई म्हणत होते.

चंद्रभान : तवा मले वाटलं वायरीनं माहं भलं केलं, तिले राहू द्यावं. पण ते तुले रोज मारून राह्यली. मले जितं ठेवून तुले रोज एकदा मारते, अशी वायर मले नको.

नलू : अन् मले समजन कसं, त्याचं काय?

चंद्रभान : समजन तुले.

नलू : कसं?

चंद्रभान : समजन म्हटलं ना. चाल, ऊन उतरायच्या पहिले लागू कामाले. तू बस इथं आमच्याजवळ. आम्हा दोघायच्या बोटायनं ते बारीक तारा वळत नाई.

आदेश : हौ मामी, हे पाय. वरचं काळं कव्हर मी सोललं. आता ही जाळी मांगं सारून एका बाजूनं पीळ द्यायचा. एकही तार मधल्या तारेले भिडू द्यायची नाई. एक जरी भिडली तं आवाज बंद.

नलू : हे असं?

आदेश : मामा, पाहा. मी रोज करतो तरी माहा पीळ असा येत नाई.

नलू : त्याच्यात काय आहे? जुडीले दोरा गुंडाळतो तसंच आहे. दुसरी दे.

चंद्रभान : पिना मी धरतो. लाल अन् पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. बराबर?

आदेश : बराबर. डाग देतो, हलू नका. धूर तिकडे जाऊ द्या. मामी, जुनी वायर ओढून काढू का पाईपातून?

नलू : काढ. पण कबाडीले देऊ नको. गुंडाळून माह्याजवळ दे. देवघराच्या मांगं ठेवते मी.

(नवी वायर भिंतीनं शेडापर्यंत ओढून झाली आहे. ऊन उतरलं आहे. शेडात टीव्ही चालू.)

आदेश : मामी, ऐक आता. कसा वाटते?

नलू : ह्या बाईचा आवाज एवढा गोड आहे का? मी तं समजत होती हे सारखी भांडतेच.

आदेश : चित्र पाय. एक पट्टी नाई.

चंद्रभान : मांगं पाखरं बोलून राह्यले त्या पिच्चरमध्ये. ऐकलं? पाखरं होते त्याच्यात, अन् आपल्याले माहीतच नव्हतं. वा रे आदेश. तू पोटभर जेवल्याशिवाय जायचं नाई आज. नलू, ह्याच्यासाठी भरीत कर, आपल्या वांग्याचं.

आदेश : करू द्या मामा, मी नाई म्हणतच नाई. सुट्टी त्याच्यासाठीच तं काढली होती.

नलू : धनंजय आला नाई का अजून? मोटर नाई लावली आज त्यानं.

आदेश : लावली ना. कवाची लावली. तू पीळ देऊन राह्यली होती तेव्हाच आला होता थो.

नलू : चालू आहे? आत्ता चालू आहे मोटर?

आदेश : चालू आहे. काईच ऐकू येत नाई ना? तेच तं काम आहे जाळीचं.

नलू : हौ. काईच येत नाई ऐकू.

आदेश : घाबरू नको मामी.

नलू : घाबरत नाई. तुहं काम चांगलं झालं बापू. खरंच चांगलं झालं. बाया येतीन तं पाहतच राहतीन. सवय नाई एवढंच, होऊन जाईन मले सवय. अवो, उठले कायले तुम्ही? काय पाहिजे? मी देते.

चंद्रभान : काई नाही पाहिजे. वांगे भिजले असतीन आता. धनंजयले मी म्हणून ठेवलं होतं, तू लावून दे अन् घरी जा, आज बंद करायले मी येतो.

नलू : तुम्ही?

चंद्रभान : डॉक्टरनंच सांगितलं हळूहळू चालायले. हळूहळू जाईन. इहीर काय सेवाग्रामले आहे?

आदेश : मामा, मी जातो ना.

चंद्रभान : तू बस. तू पाहुणा आहे. नलू, ऐक. मी मोटर बंद करायले जाऊन राह्यलो. तू येतं का माह्यासोबत?

नलू : मी? मोटरीवर?

चंद्रभान : हौ. मले एकट्याले नाई जायचं.

आदेश : जा मामी. पिच्चरचं पुढं काय झालं ते मी सांगतो आल्यावर.

नलू : थांबा जरासे. चप्पल घालू द्या.